पहिली पाळी, हॅरो अँड वील्डस्टोन

पहाटे पावणेपाच

पहिल्या पाळीची हजेरी पावणेपाचची. ऑक्टोबरात या वेळी हॅरोत मिट्ट काळोख असतो आणि सायकलची सीट दवाने ओली झालेली असते. रात्रपाळीचा सुपरवायझर नोंदवही पुढे करतो. कोणती लिफ्ट कुरकुरतेय, कुठला दिवा गेलाय, रात्री रुळांवर कुणी काम केलं, सगळं त्यात असतं. सही केली की किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे येतो.

मग ठरलेली फेरी. आगीच्या इशाऱ्याचं पॅनेल, लिफ्ट, मदतीचे टेलिफोन, गेटलाइन, पादचारी पूल आणि सहाही फलाट. हातात टॉर्च, नजर खाली. फुटलेली बाटली, कुणी विसरलेली पिशवी, ओल्या पानांचा थर. पानगळीत ही पानं रुळांवर चिकटतात आणि चाकं घसरतात, म्हणून या दिवसांत ड्रायव्हर नेहमीपेक्षा आधी ब्रेक लावतात.

माझे वडील, अप्पा, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी लंडनच्या रेल्वेत लागले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. "पाळी कोणती मिळाली?" एवढंच विचारलं. पहिली म्हटल्यावर म्हणाले, "चांगलं झालं. पहिल्या पाळीला स्टेशन आपलं असतं."

सव्वापाच

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू लाइनची गाडी येते. या गाड्या १९७२ च्या बनावटीच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, अजून रोज धावणाऱ्या. बेकरलूचं हे उत्तरेकडचं शेवटचं स्थानक. इथे उतारू उतरले की रिकामी गाडी पुढे बगलमार्गात जाते, ड्रायव्हर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी परत लंडनकडे तोंड करून फलाटावर येते. रात्री मुक्कामाला त्यातल्या बऱ्याच गाड्या दक्षिणेकडे स्टोनब्रिज पार्कच्या डेपोत जातात.

याच रुळांवरून लंडनमधल्या युस्टन स्थानकापासून वॉटफर्ड जंक्शनपर्यंत धावणारी ओव्हरग्राउंडची गाडीही येते. तिला २०२४ पासून लायनेस लाइन असं नाव आहे. भुयारी गाडी बुटकी आणि ओव्हरग्राउंडची उंच, त्यामुळे फलाटाची उंची मधलीच ठेवली आहे. एका गाडीत पायरी उतरून शिरायचं, दुसऱ्या गाडीत चढून. दोन्ही वेळा मी तेच ओरडते, "पायरी बघा." नवख्या माणसाला याचं हसू येतं. रोजच्या माणसाचा पाय आपोआप वर-खाली होतो.

बेकरलू इथे १९१७ साली आली. १९८२ मध्ये ती बंद केली गेली आणि १९८४ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती परत आली नसती, तर आज माझ्या पाळीतली अर्धी गर्दी बसच्या रांगेत उभी असती. स्थानक जगतं की मरतं हे अशाच निर्णयांत ठरतं. त्याचं दुसरं उदाहरण मी रोज दुपारी घरी जाताना पाहते, पण ते पुढे.

सहा

पहिली गर्दी ऑफिसवाल्यांची नसते. ती असते ऑफिस झाडणाऱ्यांची, नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या परिचारिकांची, बांधकामावर जाणाऱ्या रुमेनियन पोरांची, विमानतळावर पाळी असलेल्या गुजराती आणि तमिळ बायकांची. कुणी बोलत नाही. कार्ड टेकवल्याचा आवाज तेवढा येत राहतो.

या जागी पहिली गाडी थांबली २० जुलै १८३७ रोजी. व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन तेव्हा बरोबर महिना झाला होता. लंडन अँड बर्मिंगहॅम रेल्वेने युस्टनपासून बॉक्समूरपर्यंतचा पहिला टप्पा त्या दिवशी खुला केला आणि त्यावर हॅरो हे स्थानक होतं. युस्टनपासून अंतर जेमतेम १८ किलोमीटर. बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी निघायला त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षं लागली.

या दोन गाड्यांमध्ये नातं आहे. हॅरोवरून जाणारा मार्ग आखणारा मुख्य अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन. पुढे तोच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला. मुंबईत बसून प्रत्यक्ष काम केलं ते जेम्स बर्कली या त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाने. ठाण्याचा मार्ग आणि नंतर भोर घाट चढण्याची योजना बर्कलीची. म्हणजे मी ज्या रुळांवर टॉर्च मारत फिरते, ते रूळ आणि कुर्डुवाडीवरून जाणारे मुंबई-मद्रास मार्गाचे रूळ एकाच कुळातले. अप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "मग काय," म्हणाले, "आमच्या शॉपमधल्या जुन्या मशिनींवर सगळी तिकडचीच नावं होती."

सात

आता गेटलाइनवर दोघं-तिघं लागतात. कुणाचं कार्ड चालत नाही, कुणाची सायकल अडकते, कुणाला वाटतं की हेच हॅरो-ऑन-द-हिल. हा घोळ जुना आहे आणि त्याचं कारण टेकडी आहे.

हॅरो गाव टेकडीवर. तिथे सेंट मेरीचं चर्च आणि ती जगप्रसिद्ध शाळा, जिथे १९०५ ते १९०७ या काळात जवाहरलाल नेहरू शिकले. १८३७ ची इंजिनं टेकड्या चढत नव्हती. स्टीफन्सनने मार्ग सपाटीवरून नेला आणि स्थानक गावापासून मैलभर लांब शेतात बसवलं. नाव मात्र हॅरो. त्या शेताशेजारी वील्डस्टोन म्हणून जेमतेम वस्ती होती. स्थानक आलं तसं वील्डस्टोन वाढलं. १८८० मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वेने टेकडीच्या पायथ्याशी आपलं वेगळं हॅरो स्थानक उघडलं, तेच पुढे हॅरो-ऑन-द-हिल झालं. १८९७ मध्ये जुन्या स्थानकाच्या नावात अखेर वील्डस्टोन जोडलं गेलं. ज्या वस्तीला स्थानकाने जन्म दिला, तिचं नाव पाटीवर यायला साठ वर्षं लागली.

वील्डस्टोनला मोठं केलं ते कारखान्यांनी. १८९१ मध्ये कोडॅकने इथे कारखाना काढला. फिल्म आणि फोटोचा कागद इथे बनायचा. जवळच चित्रकारांचे रंग बनवणारं विन्सर अँड न्यूटन होतं आणि पुढे व्हाइटफ्रायर्सची काच आली. माल रेल्वेने यायचा, रेल्वेनेच जायचा, आणि कामगारांच्या पाळ्या स्थानकाच्या घड्याळावर चालायच्या. कोडॅकचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि तिथे आता घरं उभी राहत आहेत. सात वाजता फलाटावर जे तरुण जोडप्यांचे घोळके दिसतात, त्यांतली काही तिथेच राहतात. पूर्वी माणसं कामासाठी वील्डस्टोनला यायची. आता कामासाठी वील्डस्टोन सोडून जातात. स्थानकाला दोन्ही चालतं.

आठ एकोणीस

या वेळेला मी घड्याळ पाहते. इथे काम करणारे बहुतेक जण पाहतात. कुणी बोलून दाखवत नाही.

८ ऑक्टोबर १९५२, बुधवार. सकाळी धुकं होतं, ते विरळ होत चाललं होतं. ट्रिंगहून सात एकतीसला निघालेली नऊ डब्यांची लोकल काही मिनिटं उशिराने आली. तिला रोजच्याप्रमाणे सांधा बदलून धिम्या मार्गावरून जलद मार्गावर आणलं होतं. तिच्यात सुमारे आठशे माणसं होती. लंडनला कामाला निघालेली. युस्टनच्या कचेऱ्यांत काम करणारे रेल्वेचेच कर्मचारी त्यात बरेच होते. गाडी फलाटावर उभी राहिली, माणसं चढली आणि गार्ड दारं बघून आपल्या डब्याकडे परत निघाला.

त्याच मार्गावर मागून स्कॉटलंडमधल्या पर्थहून येणारी रात्रीची एक्सप्रेस होती. ती तासाहून अधिक उशिराने धावत होती. तिच्यापुढे आधी सावधानतेचा सिग्नल होता आणि मग धोक्याचे दोन. तिन्ही ओलांडून ती उभ्या लोकलवर मागून आदळली. काही सेकंदांत युस्टनहून आठला सुटलेली लिव्हरपूल आणि मँचेस्टरची गाडी, पुढे दोन इंजिनं जोडलेली, समोरून त्या ढिगाऱ्यात घुसली. पादचारी पूल कोसळला. सोळा डबे गेले.

११२ माणसं मेली. ३४० जखमी झाले. शांततेच्या काळातला ब्रिटनमधला हा सर्वांत भीषण रेल्वे अपघात. पर्थच्या गाडीचा ड्रायव्हर आणि फायरमन दोघेही गेले, त्यामुळे सिग्नल का सुटले हे कधीच कळलं नाही. चौकशीत केबिनमधल्या सिग्नलमनवर ठपका आला नाही. त्याने आपलं काम बरोबर केलं होतं.

जवळच्या अमेरिकी हवाई दलाच्या तळावरून वैद्यकीय पथक आलं. त्यात ॲबी स्वीटवाइन नावाची कृष्णवर्णीय परिचारिका होती. औषध दिलेल्या जखमीला पुन्हा तेच औषध दिलं जाऊ नये म्हणून तिने लिपस्टिकने खुणा केल्या. कुणाला आधी हलवायचं आणि कोण थांबू शकतो, हे त्या पथकाने फलाटावरच ठरवलं. तोवर ब्रिटनमध्ये जखमीला उचलून लवकरात लवकर हॉस्पिटलात नेणं एवढंच चालायचं. जागेवर उपचार आणि जागेवर क्रम लावणं, ही पद्धत त्या सकाळी इथल्या लोकांनी पाहिली. वर्तमानपत्रांनी स्वीटवाइनला सहा नंबरच्या फलाटावरची देवदूत म्हटलं. सहा नंबर माझ्या फेरीतला शेवटचा फलाट.

इंजिनांची कथाही सांगण्यासारखी आहे. समोरून आलेल्या जोडीतलं प्रिन्सेस ॲन हे काही आठवड्यांपूर्वीच नव्याने बांधून बाहेर पडलं होतं. ते भंगारात गेलं. मागून आदळलेलं सिटी ऑफ ग्लासगो दुरुस्त झालं आणि आणखी दहा-अकरा वर्षं धावलं. अप्पांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "इंजिनाचा दोष नसतो गं. फ्रेम सरळ असली की कामाला लावायचं."

साडेनऊ

गर्दी ओसरते. आता रॅम्पची कामं. चाकाच्या खुर्चीतल्या उतारूंना मोठ्या गाडीत चढवायला फलाट आणि डबा यांच्यामध्ये रॅम्प टाकावा लागतो. पुढच्या स्थानकाला फोन करून गाडी, डबा आणि दार सांगायचं, म्हणजे तिकडे कुणी तरी उभं राहतं.

एक आजी येतात, सून आणि नातवासह. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून थेट मराठीत सुरू होतात.

"अगं, तू आपल्याकडची! मग सांग, ती मोठी गाडी इथे का नाही थांबली? आम्ही हात केला."

"आजी, ती लांबची. ती इथे थांबत नाही. तुम्ही पिवळ्या रेषेच्या आत उभ्या राहा आधी."

"दौंडला सगळ्या थांबतात."

"दौंड जंक्शन आहे, आजी."

सून हसू दाबते. आजींचा मुद्दा मात्र खरा आहे. हॅरोच्या मधल्या रुळांवरून ग्लासगो, मँचेस्टर, बर्मिंगहॅमच्या गाड्या दिवसभर सुसाट जातात आणि त्यांतली एकही बहुधा वळून पाहत नाही. आम्ही फक्त घोषणा करतो की फलाटाच्या कडेपासून लांब राहा.

पण त्या प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये हॅरोचं काही तरी आहे. सिग्नलच्या अलीकडे रुळांमध्ये चुंबक बसवलेला असतो. पुढचा सिग्नल मोकळा असेल तर ड्रायव्हरला घंटीसारखा आवाज येतो. सावधान किंवा धोका असेल तर भोंगा वाजतो, आणि ड्रायव्हरने ठरावीक सेकंदांत बटण दाबलं नाही तर ब्रेक आपोआप लागतात. अशी यंत्रणा पश्चिमेकडच्या मार्गावर १९०६ पासून होती. बाकी देशात ती बसवायला पैसा आणि वेळ मिळत नव्हता. १९५२ नंतर दोन्ही मिळाले. १९५६ मध्ये ब्रिटिश रेल्वेने देशभर लावायची पद्धत मंजूर केली. आपल्याकडे आज ज्या 'कवच' यंत्रणेची चर्चा चालते, तिचा उद्देशही तोच: माणसाचं लक्ष चुकलं तरी गाडी थांबली पाहिजे.

म्हणून मला हे स्थानक लहान वाटत नाही. इथे न थांबणाऱ्या गाड्याही इथल्याच नियमाने धावतात.

अकरा

चहाची सुट्टी. डबा उघडायची वेळ अजून झालेली नाही, पण भूक पहाटेची असते. पोह्यांचा वास खोलीभर पसरतो आणि जमैकाचा माझा सहकारी न विचारता चमचा घेऊन येतो.

सुट्टीनंतर इमारतीची फेरी. गळती, कबुतरं, सैल फरशा. हॅरोच्या बाजूची इमारत १९१२ ची, वास्तुविशारद जेराल्ड हॉर्स्ली याची. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या भरभराटीच्या काळातली, लाल विटांची. स्थानकावर १९५२ च्या अपघाताचा फलक आहे. तो पन्नासाव्या वर्षी, २००२ मध्ये लावला. ऑक्टोबरात त्याखाली फुलं दिसतात.

या मार्गावरचा एक बळी मात्र त्याहून खूप जुना. थॉमस पोर्ट हा गार्ड. ७ ऑगस्ट १८३८ रोजी हॅरोजवळ तो गाडीखाली आला आणि त्याचे दोन्ही पाय तुटले. तेव्हा मार्ग सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याची कबर टेकडीवर सेंट मेरीच्या आवारात आहे. दगडावर त्याचं वय ३३ कोरलं आहे, शस्त्रक्रिया त्याने किती धीराने सोसली ते लिहिलं आहे, आणि खाली एक कविताही आहे. त्या चर्चच्या आवारात लोक बायरनच्या आवडत्या जागेचा फोटो काढायला जातात. रेल्वेत काम करणाऱ्याने पोर्टपाशीही दोन मिनिटं थांबावं. त्याच्या वेळी हे काम नवंच होतं. आज मी फलाटावर कुठे उभं राहावं, याचाही नियम आहे.

एक

हजेरी उलटी. किल्ल्या, वही, सही. दुपारच्या पाळीला सांगायच्या गोष्टी: दुसऱ्या लिफ्टवर नजर ठेवा, तीन वाजता चाकाच्या खुर्चीचे उतारू आहेत, पुलावर एक पायरी ओली आहे. मग सायकल.

दीड

घरी जायला दोन रस्ते आहेत. मोटारींचा आणि मेलेल्या रेल्वेचा. मी दुसरा घेते.

फ्रेडरिक गॉर्डन हा लंडनमधला हॉटेलांचा बडा मालक. त्याने १८८२ मध्ये स्टॅनमोरजवळचा बेंटली प्रायरी हा वाडा घेतला आणि तिथे श्रीमंतांसाठी हॉटेल काढलं. पाहुणे येईनात. कारण लंडनहून यायला नीट सोय नव्हती. गॉर्डनने स्वतःच रेल्वे बांधायला घेतली. १८८६ मध्ये संसदेचा कायदा झाला आणि १८ डिसेंबर १८९० रोजी हॅरो ते स्टॅनमोर ही शाखा सुरू झाली. एकेरी रूळ, अंतर जेमतेम तीन किलोमीटर. गाड्या चालवायची लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न. रविवारी गाडी नाही, अशी अट चाळीस वर्षांसाठी घातली गेली होती.

स्टॅनमोरच्या लोकांना रेल्वे रेल्वेसारखी दिसायला नको होती. म्हणून तिथलं स्थानक चर्चसारखं बांधलं. टोकदार मनोरा, दगडी नक्षी, कमानी. अख्ख्या हॅरो परिसरात इतकं देखणं स्थानक दुसरं नव्हतं.

रेल्वे आली तरी हॉटेल चाललं नाही. गॉर्डन शेवटी स्वतःच त्या वाड्यात राहिला आणि १९०४ मध्ये वारला. वाड्यात पुढे मुलींची शाळा आली, मग हवाई दल. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशातली लढाई लढवणारं फायटर कमांडचं मुख्यालय ते हेच. हॉटेलसाठी बांधलेली रेल्वे शेवटी वेगळ्याच माणसांच्या कामी आली.

आज त्या शाखेचा बराचसा भाग बेलमाँट ट्रेल नावाची पायवाट आहे. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, मध्ये खडी आणि माती, कुत्री फिरवणारी माणसं, शाळेतून लवकर सुटलेली पोरं. सायकल हातात धरून चालले की चढ जाणवत नाही, कारण रेल्वेचा चढ कधीच जाणवत नाही.

अडीच

बेलमाँट. १९३० च्या सुमारास इथे घरांच्या ओळी उभ्या राहिल्या आणि १९३२ मध्ये मधलं स्थानक निघालं. हे स्थानक चाललं. लोक सकाळी हॅरोपर्यंत येत आणि तिथून युस्टनची गाडी पकडत. बऱ्याच गाड्या बेलमाँटहूनच परतायला लागल्या.

स्टॅनमोरला त्याच वर्षी, १९३२ मध्ये, मेट्रोपॉलिटन रेल्वेची शाखा आली. तिथून गाडी न बदलता थेट बेकर स्ट्रीट. तीच पुढे बेकरलूकडे गेली आणि १९७९ पासून ज्युबिली लाइन झाली. गॉर्डनच्या गाडीने मात्र आधी हॅरोला जायचं, गाडी बदलायची, मग युस्टन. सुंदर स्थानकाच्या दारात उभं राहून कोण वाट पाहणार? १९५० मध्ये गोंधळ टाळण्यासाठी त्याचं नाव स्टॅनमोर व्हिलेज केलं. सप्टेंबर १९५२ मध्ये तिथली उतारूंची गाडी बंद झाली, हॅरोच्या अपघाताच्या काही आठवडे आधी. बेलमाँटची गाडी रखडत आणखी बारा वर्षं चालली. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष बीचिंग यांचा अहवाल आला, तोट्यातल्या शाखांवर कुऱ्हाड पडली आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये बेलमाँटही गेलं. रूळ उचलले. स्टॅनमोरच्या स्थानकाचा मनोरा पाडून इमारतीचं घर केलं. माहीत नसेल तर माणूस गॉर्डन अव्हेन्यूवरून त्याच्यासमोरून निघून जाईल.

हॅरोला अनेक स्थानकं मिळाली. त्यातलं सर्वांत सुंदर मेलं आणि सर्वांत गैरसोयीचं, टेकडीपासून मैलभर लांबचं, आजही पहाटे पावणेपाचला उघडतं. यात नशिबाचा भाग नाही. एका स्थानकाला वेळापत्रक होतं, दुसऱ्याला फक्त इमारत.

चार

कुर्डुवाडीत आता साडेआठ वाजलेले असतात. अप्पांचं जेवण झालेलं, टीव्ही लावलेला. फोन उचलताच पहिला प्रश्न.

"आज कोणती लेट?"

"बर्मिंगहॅमची. सिग्नल बिघडला होता."

"किती?"

"वीस मिनिटं."

"मग ती लेट नाही," अप्पा म्हणतात. "आमची बार्शी लाइट लेट असायची."

बार्शी लाइट रेल्वे हा अप्पांचा आवडता विषय. तो माझा विषय झाला तो हॅरोत आल्यावर. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची ही रेल्वे बांधली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली. मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला तर हलक्या रुळांवरूनही चांगला माल नेता येतो, हे कॅलथ्रॉपने इथे दाखवून दिलं. कापूस, शेंगा, गूळ आणि आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी या छोट्या गाडीने गेले. हा कॅलथ्रॉप उमेदवारी शिकला तो क्रू इथल्या कारखान्यात, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या. म्हणजे ज्या कंपनीचं माझं स्थानक होतं, त्याच कंपनीच्या शॉपमध्ये अप्पांच्या रेल्वेचा बाप घडला.

१९५४ मध्ये सरकारने ती रेल्वे ताब्यात घेतली. आता तिथे ब्रॉडगेज आहे, नॅरोगेजचे रूळ उचलले गेले. वर्कशॉप अजून आहे.

"तुमची पाळी कशी असायची, अप्पा? अगदी पहिल्यापासून सांगा."

"त्यात काय सांगायचं? भोंगा झाला की आत. कार्ड पंच. मग चार्जमन काम सांगायचा."

"आणि मग?"

"मग काम," ते म्हणतात. पण बोलायला लागले की थांबत नाहीत. कोणत्या इंजिनाचा पिस्टन सारखा त्रास द्यायचा, पावसाळ्यात वाळूचा डबा कोरडा ठेवायला शेगडीजवळ कसा ठेवायचे, वारीच्या आधी आठ दिवस रात्रपाळी कशी लागायची, डबे कमी पडले की मालडब्यांना आतून बाक कसे ठोकायचे. हे कोणत्याही पुस्तकात मला सापडलेलं नाही. मी वहीत लिहून घेते.

रात्री आठ

उद्या पुन्हा पहिली पाळी, म्हणून झोप लवकर. सायकलचा दिवा चार्जिंगला, गणवेश खुर्चीवर, पोह्यांऐवजी उद्या उपमा.

आपल्याकडे जुनं स्टेशन बंद झालं की लोक फोटो काढतात, दगडी इमारत वाचवा म्हणून अर्ज देतात. ते करावंच. पण स्टॅनमोरने मला शिकवलं की इमारत हा स्थानकाचा सर्वांत कमकुवत पुरावा आहे. हॅरोचा इतिहास टिकला तो चौकशीच्या अहवालात, कबरीवरच्या मजकुरात, केबिनच्या नोंदींत आणि ड्रायव्हरच्या कानात वाजणाऱ्या भोंग्यात. कुर्डुवाडी, बार्शी, मूर्तिजापूर, पाचोरा, नेरळ, जिथे जिथे लहान रेल्वे होती किंवा आहे, तिथे टोकन देणारे, सांधा बदलणारे, रूळ ठोकणारे निवृत्त लोक अजून ओट्यावर बसलेले आहेत. त्यांच्याकडे जा. इतिहास सांगा म्हणालात तर ते गप्प बसतील. त्यांना विचारा, पहिली पाळी किती वाजता लागायची आणि आत गेल्यावर आधी काय करायचात. मग एक एक तास लिहून घ्या, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत उठू नका.